बांधाचा तंटा

माझा जन्म कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून बोलण्यात गेला. अशा माणसाने शेताच्या बांधाविषयी का बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर सोपे आहे. पगाराची आणि बोनसची तक्रार घेऊन माझ्याकडे येणारा कामगार रजेचा अर्ज लिहितो, तेव्हा कारणाच्या जागी अनेकदा ‘गावी जमिनीची मोजणी’ किंवा ‘तहसीलला तारीख’ असे लिहिलेले असते. माणूस शहरात आला, तरी त्याचा बांध त्याच्याबरोबर येतो. शिवाय दोन माणसांतला तंटा मिटतो कसा, हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचाच आहे. मी इतिहाससंशोधक नव्हे. संशोधकांनी कष्टाने बाहेर काढलेले कागद वाचून एका कामगार कार्यकर्त्याला काय उमगले, एवढेच आज सांगायचे आहे.

देशावर ज्याला बांध म्हणतात, त्याला वऱ्हाडात धुरा म्हणतात आणि कोकणात भातखाचरांची मेर. नाव कोणतेही असो, वस्तू एकच. दोन शेतांच्या मधली ती न नांगरलेली पट्टी दोघांची असते आणि दोघांपैकी एकट्याची नसते. तिच्यावर गवत वाढते, बाभूळ उभी राहते, आंब्याचे झाड असले तर त्याच्या सावलीपासून फळांपर्यंत साऱ्यांवरून बोलाचाली होते. पाऊस तोंडावर आला की नांगराचा एक फेर बांधाला जरा घासून जातो. पुढच्या वर्षी आणखी जरा. याला आपल्याकडे ‘बांध कोरणे’ म्हणतात.

आता हिशेब करून पाहा. मोजणीची साखळी ३३ फुटांची, आणि एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. समजा, बांध दहा साखळ्या लांबीचा आहे आणि शेजाऱ्याने तो एक हात, म्हणजे दीड फूट, आत सरकवला. गेलेली जमीन भरते ४९५ चौरस फूट. अर्धा गुंठासुद्धा नाही! तेवढ्या जमिनीत पायलीभर जोंधळा तरी नीट पिकेल काय? आणि तेवढ्यासाठी भाऊ भावाचे तोंड पाहात नाही, डोकी फुटतात, वकिलाच्या फीपायी उरलेली जमीन गहाण पडते. शहरातली माणसे याला खेडवळ हट्ट म्हणून हसतात. मला ते हसणे पटत नाही. शेतकरी भांडतो तो गेलेल्या हातभर जमिनीसाठी तर खराच, पण त्याहून अधिक पुढच्या वर्षी जाणाऱ्या हातासाठी. आज गप्प बसलो तर उद्या आपल्याला कोणी विचारणार नाही, ही ती भीती आहे. कामगाराचा एका दिवसाचा पगार अन्यायाने कापला तर सारे खाते काम थांबवते, तेही याच भीतीने.

तेव्हा बांधाच्या तंट्यात दोन प्रश्न एकात एक गुंतलेले असतात. रेघ कोठे आहे, हा पहिला. आणि रेघ ठरल्यावर या दोघांनी शेजारी म्हणून नांदायचे कसे, हा दुसरा. आपल्या इतिहासात वेगवेगळ्या काळी यांपैकी एकेका प्रश्नाचे उत्तर चांगले शोधले गेले. दोन्ही उत्तरे एकत्र आली, असे मात्र क्वचितच घडले. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे.

प्रथम जुना काळ पाहू. शिवकालात आणि पेशवाईत गावचा तंटा गोतसभेपुढे येई. गोत म्हणजे केवळ नातेवाईक नव्हेत. पाटील, कुलकर्णी, मिरासदार शेतकरी आणि बलुतेदार अशा साऱ्यांची ती बैठक. या न्यायपद्धतीचा अभ्यास डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी जुन्या निवाड्यांवरून केला आणि त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्या निवाड्यांतली कामकाजाची रीत पाहण्यासारखी आहे. वादी आणि प्रतिवादी आपापली तकरीर, म्हणजे हकीकत, लिहून देत. पंच सांगतील ते मान्य करू, असा राजीनामा दोघांकडून आधीच घेतला जाई. आज आपण राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद समजतो. त्या काळी तो राजी असल्याचा कागद होता! मग जामीन घेत, साक्षी होत, आणि जे ठरे त्याचा महजर किंवा निवाडपत्र होई. जिंकणाऱ्याला हरकी भरावी लागे आणि हरणाऱ्याला गुन्हेगारी. सरकार दोघांकडूनही घेई, हेही लक्षात ठेवावे.

यातले दोन कागद मला फार अर्थपूर्ण वाटतात. पहिला, येजितखत. हरलेला पक्ष ते स्वतः लिहून देई, की माझा दावा खोटा ठरला आणि तो मी पुन्हा काढणार नाही. ते कितीही नाइलाजाने लिहिलेले असो, गावादेखत लिहिलेले असे. दुसरा, महजर. त्यावर जमलेल्यांची साक्ष असे. लिहिता येत नसे ते आपल्या कामाच्या हत्याराची निशाणी करीत. शेतकऱ्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, अशी चित्रे त्या कागदांवर दिसतात. ज्यांना उद्या त्याच रस्त्याने जायचे आहे, त्यांनी तो निकाल पाहिलेला असे. निकाल मोडणारा माणूस केवळ शेजाऱ्याचा अपराधी राहात नसे, साऱ्या गावाचा होई. ‘पंचामुखी परमेश्वर’ या म्हणीचे बळ देवात नव्हते, या हजेरीत होते, असे माझे मत आहे.

परंतु या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. गावाच्या शिवेचा तंटा निघाला की सर्वांत वजनदार साक्ष महाराची मानली जाई. शीव राखणे हे त्याचे वतनी काम होते. कोणता धोंडा कोणाच्या आज्याच्या वेळचा, ओढा पूर्वी कोठून वाहात होता, हे त्याला ठाऊक असे. त्याने शपथ घेऊन शीव चालून दाखवावी आणि तो चालेल ती शीव दोन्ही गावांनी मानावी, अशी रीत होती. म्हणजे पाहा, ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले, त्याच्या पावलांनी गावाची हद्द ठरत होती! त्याच्या शब्दावर विश्वास होता, पण त्याच शब्दाला गावात मान नव्हता. पंचांमध्ये स्त्रियांना जागा नव्हती. आणि साक्षीपुराव्याने उलगडा झाला नाही, तर गोष्ट दिव्यावर जाई. रवादिव्यात कढत तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढावा लागे. मग हात बांधून मोहोर करीत, आणि काही दिवसांनी तो उघडून सत्य कोणाचे ते ठरवीत. ज्याच्या हाताला फोड आले त्याची जमीन गेली! जुना न्याय शेजार राखीत होता, पण त्या शेजारात पाटलाचा शब्द आणि विधवेचा शब्द एका तराजूत पडत नव्हते. स्मरण हाच पुरावा असला, की ज्याचा आवाज मोठा त्याचे स्मरण खरे ठरते.

१८१८ साली पेशवाई बुडाली. नव्या मुलखाचा कारभार माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्याकडे आला. त्याने १८१९ च्या आपल्या अहवालात पंचायतीचे दोषही सांगितले आणि ती मोडू नये असेही सुचवले. तथापि, पंचायत ठेवायची आणि तिच्या डोक्यावर अपिलाची कोर्टे बसवायची, हे जमण्यासारखे नव्हते. वर दाद मागता येते हे कळल्यावर हरलेला माणूस येजितखत लिहून देईल कशाला? आणि आपला निकाल टिकणार नाही हे दिसल्यावर, घरची कामे टाकून पंच बसतील कशाला? पंचायत कोणी एका हुकमाने बंद केली नाही. तिच्याकडे जाणारी वाट हळूहळू ओस पडली.

त्याच काळात दुसरी, फार मोठी गोष्ट घडत होती. सरकारला सारा हवा होता आणि त्यासाठी कोणाची जमीन किती, हे कळायला हवे होते. प्रिंगल याने केलेली पहिली मोजणी आणि आकारणी फसली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीला आरंभ केला. एका बैलजोडीच्या आवाक्यातली जमीन हे माप धरून सर्व्हे नंबर पाडले. साखळीने मोजले, नकाशे काढले, हद्दीवर दगड रोवले, मातीचे बुरूज घातले. आकार ३० वर्षांसाठी कायम केला. पुढे ही पद्धत मुंबई इलाख्यात सर्वत्र गेली, आणि १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने हद्दीच्या खुणा आणि त्यांवरचे वाद यांची व्यवस्था लावली.

या मोजणीला नावे ठेवण्याची आपल्यात पद्धत आहे. हेतू साऱ्याचा होता, हे खरेच. तरीही मी म्हणेन, की साखळीने गरिबाचे एक मोठे काम केले. साखळीला पाटील कळत नाही आणि विधवाही कळत नाही. ३३ फूट ते ३३ फूटच. ज्याचा आवाज लहान, त्याच्या बाजूने प्रथमच एक मुका साक्षीदार उभा राहिला, आणि त्याच्यासाठी कढत तेलात हात घालण्याची गरज उरली नाही.

पण साखळीला शेजारही कळत नाही. दगड कोठे हवा ते टिपण सांगते. रोवलेला दगड रात्री कोणी उपटू नये, याची तजवीज टिपणात नसते. ही उणीव त्या काळच्या सरकारलाही जाणवली होती, असे कायद्यांवरून दिसते. १८७५ साली मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले आणि दंगे नगर जिल्ह्यातही पसरले. दूरच्या कोर्टात, न कळणाऱ्या भाषेत, माघारी होणाऱ्या हुकूमनाम्यांनी जमिनी जात होत्या, हे त्यामागचे एक मोठे कारण. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात दाव्याआधी समेट घडवून आणणारे मध्यस्थ नेमण्याची सोय होती. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंतातल्या व्याख्यानांचा पाया १८७५ साली घातला, त्यांनीच सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी यांच्यासह याच सुमारास लवाद कोर्टाची कल्पना उचलून धरली होती. व्याख्यानाचे व्यासपीठ आणि लवादाची बैठक ही एकाच सार्वजनिक जीवनाची दोन अंगे आहेत, असे त्या पिढीला वाटत होते. आपण पहिले अंग जपले, दुसरे विसरलो.

बांधाच्या दृष्टीने आणखी एक कायदा महत्त्वाचा. मामलेदार कोर्टाचा कायदा १८७६ साली आणि नंतर सुधारून १९०६ साली झाला. शेतातून बेकायदा हुसकावले, वहिवाटीची वाट अडवली किंवा पाण्याचा प्रवाह रोखला, तर सहा महिन्यांच्या आत मामलेदाराकडे दाद मागता येते. मामलेदाराने ताबा कोणाचा होता ते पाहायचे. मालकी कोणाची हा मोठा प्रश्न दिवाणी कोर्टाचा. ही विभागणी शहाणपणाची आहे. पेरणी कोर्टाच्या तारखेसाठी थांबत नाही. म्हणून आधी वाट मोकळी करा, मालकी सावकाश ठरवा, असा तिचा अर्थ. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही बांधावरून शेतात जाण्याचा रस्ता देण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे, आणि हद्दीचे वाद ठरवण्यासाठी वेगळी कलमे आहेत.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, तुकडेबंदी आणि तुकडेजोडीचा कायदा झाला. एका शेतकऱ्याचे विखुरलेले तुकडे एकत्र आणून गट करावेत, हा त्याचा चांगला हेतू. पण अनेक गावांत एकत्रीकरण कागदावर झाले आणि वहिवाट जुनीच राहिली. सातबारा एकाच्या नावावर, नांगर दुसऱ्याचा. मूळ माणसे होती तोवर ते चालले. नातवांनी कागद पाहिले आणि दावे उभे राहिले. रेघ बदलली होती, पण शेजाऱ्यांना कोणी विचारले नव्हते.

येथे माझ्या घरची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. तो लांबला तसे हजारो कामगार गावी परतले. माझे वडील त्यांतले एक. मी तेव्हा शाळेत होतो. गावी वडिलांचा हिस्सा इतकी वर्षे चुलते कसत होते, आणि आमचा बांध आत सरकला होता. वडील म्हणाले, “दादा, बांध मूळ जागी घ्या.” चुलते म्हणाले, “तू तिकडे पगार घेत होतास, तेव्हा इथला दुष्काळ कोणी काढला?” मोजणी आणली. दगड आमच्या म्हणण्याप्रमाणे निघाला. पंधरा दिवसांत तो नाहीसा झाला. पुढे दावा, तारखा, एकाच एस्टीतून दोघांचे कोर्टात जाणे आणि दोन वेगवेगळ्या बाकांवर बसून परत येणे. निकाल आमच्या बाजूने लागला, तेव्हा आजी वारली होती आणि तिच्या दहाव्याला दोन्ही घरांच्या चुली वेगळ्या पेटल्या होत्या.

तंटा मिटला तो निकालानंतर काही वर्षांनी. दोन्हीकडचे पाहुणे आणि खालच्या शेताचे वयस्कर शेजारी बांधावर बसले. त्यांनी रेघेचा प्रश्न विचारलाच नाही, कारण तो मोजणीने सुटला होता. त्यांनी विचारले, “दादा, तुम्हाला नेमके काय जड जाते?” चुलते बऱ्याच वेळाने बोलले. बांध मूळ जागी गेला की त्यांनी लावलेला आंबा आमच्यात जात होता. वडिलांना विचारले, तर त्यांना गाडी रस्त्याला न्यायला वाट हवी होती आणि ती चुलत्यांच्या रानातून होती. आंबा त्यांचा राहिला, वाट आमची झाली, बांध टिपणाप्रमाणे घातला. कागदावर दोघांच्या आणि खालच्या शेजाऱ्याच्या सह्या झाल्या. तो दगड आजही जागेवर आहे. तो उपटणाऱ्याला आता शेजाऱ्यालाही उत्तर द्यावे लागेल.

पुढे संघटनेच्या कामात मी हाच धडा पुन्हा पुन्हा शिकलो. लवादाचा निवाडा हातात आला म्हणजे काम संपले, असे नवशिक्या कार्यकर्त्याला वाटते. वस्तुतः दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फाटकातून, त्याच मुकादमाच्या हाताखाली कामगाराला आत जायचे असते. ज्या समेटात हरणाऱ्याला मान खाली घालून घरी जावे लागते, तो समेट पुढच्या भांडणाचे बियाणे असतो. पण याचा अर्थ हक्क सोडून गोड बोलावे असा नव्हे. चुलत्यांनी आंब्याची गोष्ट बोलून दाखवली, ती मोजणीचा नकाशा वडिलांच्या खिशात होता म्हणून. पुरावा नसलेल्या दुबळ्याला ‘समेट करा’ म्हणून सांगणे, ही जबरदस्तीच असते.

अलीकडे सरकारने दोन प्रयत्न केले, त्यांची नोंद घ्यायला हवी. १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने समिती नेमायची आणि गावातले तंटे गावातच सामोपचाराने मिटवायचे, अशी तिची आखणी. कल्पना गोतसभेची, पण कायद्याच्या चौकटीत. मात्र जेथे मिटवलेल्या तंट्यांवर बक्षीस ठरते, तेथे तंटा खरोखर निवण्याआधीच सही घेण्याचा मोह होतो, हा धोका तिच्यात होता. दुसरा प्रयत्न २०२३ सालच्या ‘सलोखा’ योजनेचा. एकाच्या नावची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात, असे निदान १२ वर्षे चालले असेल, तर दोघांच्या संमतीने अदलाबदलीचा दस्त करावा. त्यासाठी मुद्रांक शुल्क नाममात्र १००० रुपये आणि नोंदणी फी १००० रुपये ठेवली. तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्यांनी पंचनामा करावा, आणि त्यावर लगतच्या शेतकऱ्यांच्या सह्या घ्याव्यात, अशीही अट घातली.

ही शेवटची अट वाचली, तेव्हा मला महजरावरची नांगराची निशाणी आठवली. ज्याच्या शेताला बांध लागून आहे, त्याची साक्ष असल्यावाचून बांध टिकत नाही, ही जुनी समजूत फिरून दप्तरात आली. आता त्या पंचनाम्यावर सही करताना कोणाचे घर वेशीच्या आत आणि कोणाचे बाहेर, हे कोणी विचारू शकत नाही. सातबाऱ्यावर बाईचे नाव असेल, तर तिच्या संमतीवाचून दस्त होत नाही. गोतसभेत जे नव्हते, ते निदान कायद्यात तरी आले आहे. ते बांधावर आणणे आपल्या हाती आहे.

श्रोतेहो, आपल्यापैकी अनेकांची नावे अजून गावच्या सातबाऱ्यावर आहेत आणि बांधाकडे पाहणारा कोणी भाऊ, कोणी चुलत भाऊ तेथे राबतो आहे. या उन्हाळ्यात गावी जाल तेव्हा मोजणीचा नकाशा जरूर बरोबर न्या, हक्क स्पष्ट ठेवा. पण वकिलाकडे जाण्यापूर्वी एकदा बांधावर बसा, खालच्या शेजाऱ्याला बोलवा, आणि समोरच्याला नेमके काय जड जाते ते विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ थांबा. कोर्टातल्या एका तारखेपेक्षा तो कमीच असेल.